राखेचा थर

ज्याच्यासाठी आपण हात पुढे केला, त्याचे काम एकदा तरी डोळे उघडून पाहावे, एवढीच दानाची किमान मर्यादा आहे. तीही ज्याला पाळवत नाही, त्याच्या हातून दान घडत नाही. केवळ शोभा घडते, आणि त्या शोभेचे मोल बहुधा तिसऱ्याच कुणाला मोजावे लागते.

भूविज्ञानातील स्त्रियांसाठी निधी उभारणाऱ्या मंडळाचा तो वार्षिक समारंभ होता. सभागृहात शिरताना निवृत्त भूवैज्ञानिक बाईंना वाटले, व्यासपीठावर कुणी काळ्या-करड्या मेणबत्त्यांचे कमळ मांडले आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

त्या मेणबत्त्या नव्हत्या. बाईंच्या शिष्येने दगड झालेल्या एका प्राचीन सरोवराच्या तळात खोल छिद्र घेऊन काढलेले ते दंडगोल तुकडे होते. लांबट लाकडी पेट्यांत ते खोलीच्या क्रमाने रचलेले असत. तो क्रम हेच तिचे दोन वर्षांचे काम. ‘दात्यांना प्रत्यक्ष काम दिसू दे’ म्हणून बाईंनीच त्या पेट्या आदल्या दिवशी पाठवल्या होत्या.

“कसं दिसतंय?” मंडळाच्या अध्यक्षीणबाई अत्तराच्या लाटेसह पुढे आल्या. “आमच्या भाच्यानं केलंय. रंगानं लावलंय, काळ्यापासून करड्यापर्यंत! नुसती धूळ होती हो सगळ्यावर. आणि कुणीतरी पेन्सिलीनं आकडे गिरगटले होते. घासून काढले.”

“घासून,” बाई म्हणाल्या.

“ब्रशनं! दोन माणसं लावली होती.”

“प्रत्येक तुकडा किती मीटर खालून निघाला, त्याचे आकडे होते ते.”

“अगंबाई! मग कार्यक्रम झाला की परत लिहून टाका की.”

चाळीस वर्षांत बाईंना नाना प्रकारचे अज्ञान भेटले होते. इतके सुवासिक मात्र प्रथमच.

तेवढ्यात शिष्या आली. कमरेचा हातोडा ती निजतानाच काय तो सोडत असेल, म्हणून बाई तिला हातोडीच म्हणत. ती रडली नाही. तिने एक तुकडा उचलून उजेडात फिरवला. त्याच्या अंगावर खिळ्याने ओढलेली रेघ होती आणि रेघेच्या टोकाला खाली जाणारा बाण. पेन्सिल पुसली जाते, ओरखडा राहतो, असे बाईंनी तिच्याकडून घोकून घेतले होते, आणि ती त्यांना ‘खिळेवाल्या बाई’ म्हणून हसली होती.

“वर-खाली तरी कळतंय,” ती म्हणाली. “तुटलेल्या कडा जुळवत गेलो तर क्रम लागेल.” मग तिची नजर कमळावरून दोनदा फिरली. “बाई, राखेचा तुकडा नाहीये.”

त्या एका तुकड्यात बोटभर जाडीचा पांढरा थर होता, कधीकाळच्या ज्वालामुखीच्या राखेचा. त्या राखेतल्या कणांवरूनच सरोवराचे वय निघायचे होते. तो नसला तर उरलेला प्रबंध म्हणजे तारखा नसलेली रोजनिशी.

“तो होय!” अध्यक्षीणबाई खुलल्या. “सगळ्यात देखणा तोच. मखमली पेटीत घातलाय, पाहुण्यांना मानचिन्ह म्हणून.”

“परत द्या,” बाई म्हणाल्या.

“असं कसं? सिमेंटचे मोठे कारखानदार आहेत ते. शिवाय आमचे व्याही! माझ्या मुलीला तिथं नांदायचंय. आणि तुमच्या पोरीच्या खोदकामाच्या पुढच्या हंगामाचा खर्च तेच तर उचलणार आहेत.”

बाई हातोडीला खांबाआड घेऊन गेल्या. “आत्ता गप्प बस. देऊ दे. उद्या मी त्यांच्याकडे जाऊन गोडीनं मागून आणीन.”

“उद्या तो त्यांच्या काचेच्या कपाटात असेल, बाई. आणि तुम्ही चहा पिऊन परत याल.”

आयुष्यभर बाई असाच चहा पिऊन परत आल्या होत्या, आणि त्यालाच मार्गदर्शन म्हणत आल्या होत्या. अध्यक्षीणबाईंविषयी मनात साठलेला तिरस्कार क्षणभर मागे वळला आणि त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला.

समारंभ सुरू झाला. पृथ्वी ही माता, म्हणून पृथ्वीचे शास्त्र मातांनाच शोभते, असे पाहुण्यांनी सांगितले, टाळ्या पडल्या. पेटी त्यांच्या हाती गेली, छायाचित्रकार वाकला, आणि हातोडी व्यासपीठाची पायरी चढली.

“साहेब, हा तुकडा माझ्या कामाचा आहे. तो द्यायचा नव्हता.”

“दगडच ना?” पाहुणे हसले. “आमच्याकडे रोज डोंगर दळतात, बेटा.”

“म्हणून तर परत मागतेय. दळलेल्या डोंगराला वय विचारता येत नाही.”

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसले. बाहीवरचा चिखल झटकावा तशी पाहुण्यांनी पेटी तिच्या हातात टाकली आणि ते चालू लागले. “अहो व्याहीबुवा, जेवून तरी जा!” करीत अध्यक्षीणबाई मागे धावल्या.

यानंतर बाईंचे आभाराचे भाषण होते. चार पानांची घडी त्यांनी पर्समध्ये कोंबली, चपला काढल्या, व्यासपीठावरच बैठक मारली आणि एक रिकामी पेटी पुढे ओढली.

“हातोडी, सगळ्यात खालचा तुकडा शोध.”

मंडळी जेवायला गेली. दोघी कडेला कड लावत राहिल्या. अध्यक्षीणबाई परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “झालं समाधान? आता हिच्या हंगामाचं काय?”

“माझी गाडी आहे, तंबू आहे,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “आणि गुडघे सोडले तर मीही आहे.”

पायाशी पडलेला एक तुकडा अध्यक्षीणबाईंनी पदराने धरून उचलला. “हा… इथला का?”

“नाही,” हातोडी म्हणाली. “पण शोधा. बाण खाली धरा.”

राखेचा तुकडा आपल्या जागी बसला तेव्हा अगदी बारीक आवाज झाला.

पोरीचा ओरखडा असाच खोल राहो. बाईंची जीभ यापुढे वेळेवर सुटो. आणि अध्यक्षीणबाईंच्या त्या लेकीला, जिचा या साऱ्यात काहीच दोष नाही, सासरी कुणी बोल न लावो.