सहा ब्रिगेडियर आणि मी

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. माझ्यावर पितळी खिळे आहेत, त्यांना दर शुक्रवारी पॉलिश होतं, आणि मला बघून मोठमोठी माणसं डोक्यावरच्या टोप्या काढतात. त्यांना बघून मी मात्र नाक मुरडतो. पट्ट्याला नाक नसतं, हे मला ठाऊक आहे. तरीही मुरडतो.

अमेरिकेत, अलाबामातल्या लॅनफर्ड गावात खोगिरं शिवणारा एक कारागीर होता. त्याने उरल्यासुरल्या चामड्यातून मला शिवलं, ते तिथल्या खाटकाच्या बुलडॉगसाठी. एका शनिवारी तो कुत्रा कॉलेजच्या मैदानात घुसला आणि पाहुण्या संघातल्या एकाची पोटरी धरून बसला. लॅनफर्डने तो सामना जिंकला. झालं! धट्टीकट्टी पोरं वर्षभर घाम गाळणार आणि श्रेय कुणाला, तर पोटरी चावणाऱ्याला. ज्या खेळात चेंडूला पाय क्वचितच लागतो त्याला फुटबॉल म्हणणारी ही माणसं. त्यांच्याकडून याहून जास्त अकलेची अपेक्षा करू नका.

त्यांनी कुत्र्याला ‘ब्रिगेडियर’ असा हुद्दा दिला आणि लाल अंगरखा चढवला. तेव्हापासून एक ब्रिगेडियर गेला की वाजतगाजत मला दुसऱ्याच्या गळ्यात अडकवतात. नाव तेच, अंगरखा तोच, मीही तोच. मधला कुत्रा तेवढा बदलतो.

दुसऱ्या ब्रिगेडियरला शेजारच्या कॉलेजच्या टवाळ पोरांनी पळवलं आणि त्यांच्या कॉलेजच्या हिरव्या रंगात रंगवून परत सोडलं. बिचारा लंगडत आला होता. पण लॅनफर्डकर धाय मोकलून रडले ते त्या हिरव्या रंगासाठी. तिसऱ्याला येणारा-जाणारा तळलेली कोंबडी चारायचा. तो इतका फुगला की माझ्या शेवटच्या भोकातही मावेना, तर मला नवं भोक पाडलं. त्याला खायला घालणं काही कुणी थांबवलं नाही. चौथा तोफेला घाबरायचा. संघाला गुण मिळाले की इथे तोफ उडवतात, आणि तो बाकाखाली घुसून थरथरायचा. त्या वर्षी संघ सगळीकडे आपटला. ‘कुत्रंच भित्रं निघालं,’ म्हणून त्याला गावाबाहेरच्या शेतावर पाठवून दिलं. चेंडू हातातून सोडणाऱ्या पोरांना मात्र कुणी शेतावर पाठवलं नाही.

मेल्यावर मात्र काय थाट, म्हणून सांगू! स्टेडियमच्या पूर्व दरवाजाशी कबर, त्यावर पितळी पाटी, बँड, भाषणं. जिवंतपणी ‘याला पाणी दिलं का रे?’ एवढं विचारणारा सापडायचा नाही.

पाचव्याने तर पुढच्यांची वाटच लावून ठेवली, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसताना. एका उकाड्याच्या दुपारी तो मैदानाच्या मधोमध, तिथे रंगवलेल्या कॉलेजच्या चिन्हावर, अंग टाकून पडला. थकला होता, दुसरं काय! त्या दिवशी लॅनफर्डने बलाढ्य संघाला हरवलं. लगेच या शहाण्यांनी ठरवलं की ब्रिगेडियरने ‘शिक्का मारला’. मग सामन्याआधी कुत्र्याने चिन्हावर आडवं व्हायचं, लोकांनी ‘शिक्का! शिक्का!’ ओरडायचं, ही प्रथाच पडली. आणि मैदानात माझं बकल उघडायचं नाही, हाही नियम. ते उघडलं म्हणजे ब्रिगेडियर संपला.

आता सहाव्याचं सांगतो. त्याला निवडलं ते तोंडावरून. जितकं तोंड चपटं तितका दरारा, असं या मंडळींचं मत. त्या चपट्या तोंडात नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा होत्या. बसल्या बसल्या घरघरायचा. त्याला सांभाळायचा मान गावातल्या गॅम्बरेल कुटुंबाकडे होता. वेस्ली गॅम्बरेल ट्रॅक्टर विकायचा. त्याची बायको डार्लीन कुत्र्याला ब्रिगेडियर वगैरे म्हणत नसे. ती त्याला बिस्किट म्हणायची आणि पंख्यासमोर झोपवायची. त्या गावात मला आवडलेलं ते एकमेव माणूस.

सप्टेंबरातला पहिला सामना होता. टीव्हीवाल्यांच्या सोयीसाठी भर दुपारी ठेवलेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

“आज नको नेऊस रे त्याला,” डार्लीन म्हणाली. “श्वास बघ कसा चाललाय. डॉक्टरांनी काय सांगितलंय, विसरलास?”

“अगं, दहा मिनिटांचं तर काम! बाबांच्या वेळेपासून हा मान आपल्या घरात आहे. लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्हणावं, तुम्हीच अंगरखा घाला नि लोळा तिथे.”

वेस्ली हसला, आणि त्याने मला त्या जाड मानेवर आवळलं.

मैदानात पाऊल टाकताच मला कळलं की हे काही ठीक नाही. माझ्याखाली त्याचा गळा धडधडत होता. चिन्हापाशी तो नुसता उभा राहिला, जीभ बाहेर, डोळे लाल. हजारो लोक ओरडायला लागले, “शिक्का! शिक्का!” आणि तो धाडकन एका कुशीवर पडला.

काय तो जल्लोष! माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष रॉयस टिडवेल डोळे पुसत म्हणाला, “असा शिक्का तर पाचव्यानेही मारला नव्हता! यंदा करंडक आपलाच!” वेस्लीनेसुद्धा दोन्ही हात उंचावले. कुत्रा मरत होता आणि त्याचा मालक लोकांना हात हलवून दाखवत होता. मूर्ख लेकाचा!

कडेला उभी असलेली डार्लीन खेळाडूंच्या बर्फाची बादली उचलून धावत आली. टिडवेल आडवा आला. “वहिनी, आत्ता हात लावू नका! अपशकुन होईल!”

“खड्ड्यात गेला तुमचा शकुन! अहो, त्याचा श्वास अडकलाय, दिसत नाही का? वेस्ली, पट्टा काढ!”

वेस्लीचा हात बकलपाशी आला आणि थबकला. “इथे? डार्ली, इथे उघडायचा नसतो…”

“मग इथेच पुरा त्याला. बँड आहेच.”

 वेस्ली गुडघ्यावर बसला. घामाने आणि सुजेने मी मानेत रुतलो होतो, बकल हलेना. त्याने खिशातला चाकू काढला आणि मला कापलं. इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. डार्लीनने अख्खी बादली कुत्र्यावर ओतली. त्याच्या छातीतून एक मोठी घरघर निघाली, मग दुसरी. आणि त्याच वेळी चहूकडून शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. श्वास परत आला म्हणून नव्हे, मित्रांनो. पट्टा तुटला म्हणून.

लॅनफर्ड सामना हरलं. त्या रात्री गॅम्बरेलांच्या घरावर अंडी फुटली आणि पुढे त्यांच्याकडून ट्रॅक्टर घ्यायला गावातलं काळं कुत्रंही फिरकेना. वेस्लीने एका शब्दानेही तक्रार केली नाही. डार्लीन सांगायची की तो आता रोज स्वतः उठून बिस्किटसाठी पंखा लावतो.

मला मात्र टिडवेलने दुहेरी टाके घालून घेतले. सातवा ठरलाय. अजून पिल्लूच आहे, तोंड सहाव्याहूनही चपटं, म्हणून सगळे खूश आहेत. माझा भार पेलताना ते आत्ताच धापा टाकतं. मला स्वतःहून सुटता येत नाही. येत असतं, तर तुमच्याकडे आलोच नसतो. म्हणून एकच विनवणी करतो. या शनिवारी ते पिल्लू मैदानाच्या मधोमध आडवं होईल. टाळी वाजवण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी एकदा नीट बघा, त्याचं पोट हलतंय का.