सहा फॉर्म आणि एक ट्रॉम्बोन

तुम्ही खोटं मोजता. राज्याच्या राजधानीत बसून आमच्या शाळेवर 'डी' दर्जा ठोकणाऱ्यांनो, हे मी तुमच्या तोंडावर सांगतो. मी या शाळेची फरशी बावीस वर्षं पुसतोय. मला इथली मुलं बुटांवरून ओळखू येतात. तुम्हाला नुसते रकाने कळतात.

त्या बुधवारी मी ऑफिसातला दिवा बदलायला शिडीवर चढलो होतो. खाली मुख्याध्यापक डॉयल सर ल्युएलाबाईंच्या टेबलाला रेलून उभे. ल्युएलाबाई हावलिचेक, शाळेच्या क्लार्क. हजेरी, दाखले, पडलेले दात, सगळं त्यांच्याकडे.

"फॉर्म शनिवारपर्यंत टेबलावरच राहिले, तर कुणाचं काय बिघडतंय?" सर म्हणाले.

"माझं टेबल बिघडतंय. कोलाचे ठेवायला जागा नाही." कोलाचे म्हणजे मधोमध फळांचा मुरंबा भरलेले गोड पाव; बाई घरून डबा भरून आणतात.

सहा मुलं इंग्रजीच्या परीक्षेत पास झाली होती. हे त्यांचेच फॉर्म. फॉर्म गेला की मूल 'इंग्रजी शिकणारे' या रकान्यातून बाहेर. आणि शुक्रवारी तुमची मोजणी, त्या रकान्यातली किती पास. मग त्या रकान्यात उरणार कोण? गेल्या महिन्यात ग्वाटेमालाहून, सोमालियाहून आलेली पोरं. ती कशी पास होतील? हे सहा जण आत राहिले तर शाळेला 'सी', गेले तर परत 'डी'.

बाईंना 'सी' हवा होता. त्यांचा मुलगा रॉजर इथल्या मांसाच्या कारखान्यात फोरमन. ज्यांची पोरं आमच्याकडे शिकतात, त्यांच्याच जिवावर त्याचा कारखाना चालतो. पण स्वतःच्या लेकीला, टिलीला, त्याने पहिला 'डी' पाहूनच शेजारच्या गावातल्या शाळेत घातलं. "आई, 'सी' येऊ दे, दुसऱ्या दिवशी आणतो तिला परत," असं तो म्हणाला होता. नात आपल्या खिडकीसमोरून वर्गात जाईल, एवढंच बाईंना हवं होतं.

तेवढ्यात पाचवीतली येसेनिया त्सोक दारात आली.

"बाई, माझा फॉर्म गेला?"

"घाई कसली गं?"

"भाषेचा जादा तास आणि बँड एकाच वेळी असतात. फॉर्म गेल्याशिवाय बँडमध्ये घेत नाहीत. ट्रॉम्बोन अजून कुणी घेतला नाहीये."

"अगं, तो तुझ्याहून उंच आहे!"

"म्हणूनच कुणी घेतला नाहीये."

शिडीवर मी हसलो आणि दिवा हातातून सुटता सुटता राहिला.

"पुढच्या सत्रात घेतलास तर?" बाईंनी विचारलं. शुक्रवारनंतर गेलेला फॉर्म पुढच्या सत्रातच लागू होतो.

पोरगी गोंधळली. "पण मी पास झाले ना?"

"झालीस."

"मग?"

डॉयल सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी शिक्का उचलला आणि सहाही फॉर्मवर धडाधड मारला. मग कोलाचेंचा डबा पुढे केला. "घे. जर्दाळूचा घे, फुंकायला ताकद लागते."

पोरगी पळाल्यावर सर हळूच म्हणाले, "आणि रॉजर?"

"रॉजर चाळिशीचा आहे. त्याला सगळंच उशिरा समजतं. बोलायलासुद्धा उशिराच लागला होता."

'डी' आला. टिली आली नाही. बाई आता शनिवारी गाडी काढून तिला भेटायला जातात, डबा घेऊन. नाताळाच्या कार्यक्रमात येसेनियाने असला काही सूर काढला की पहिल्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या बाईंच्या.

आता तुम्ही बोला. आमच्याकडे शिकून तयार झालेली ही सहा मुलं तुमच्या कुठल्या रकान्यात आहेत? मी तुमचा कागद तीनदा वाचला, मला सापडली नाहीत. मूल शिकलं की शाळा नापास, हा हिशोब कुणी बसवला, त्याचं नाव कळवा. लेखी कळवा. ल्युएलाबाई साडेसातला ऑफिस उघडतात, टपाल त्याच घेतात.