पाशाभाईंच्या लेथचं मनगट

पाशाभाईंच्या दुकानातून गेलेलं काम परत आलं, असं युसूफ वडगावात कधी कुणी ऐकलं नव्हतं. ते ज्या दिवशी आलं, त्या दिवशी बंकट रसवंतीवाला दारात असा मान खाली घालून उभा राहिला, जणू चूक त्याचीच होती. त्यानं खिशातून गनमेटलचा बुश काढला, शाफ्टच्या तुकड्यावर चढवला आणि बोटानं हलवून दाखवला. बुश डगडगला.

"चरकाचा रूळ नाचतुय, समिना," तो हळूच म्हणाला. "घुंगरं अशी वाजत्यात, की गिऱ्हाइकाला वाटतंय बैल उधळला."

बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते कडं. हातानं ढकललं तर सरकलं पाहिजे, सोडलं तर हललं नाही पाहिजे. एवढीच त्याची अट, पण तीच जमली नाही तर बाकी सगळं शोभेचं.

समिनानं बुश हातात घेतला; तो तिनंच केलेला होता. भोक आतून बरोबर होतं, तोंडाशी मात्र फाकलेलं. बाजेवर बसलेल्या तिच्या अब्बांना, पाशाभाईंना, ते लांबूनच कळलं. लकव्यानं गेलेला उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला आणि मग म्हणाले, "लेथ इकायचा."

"अब्बा, एक बुश बिघडला म्हणून..."

"एक न्हाई. पयला. ढिल्लं काम आपल्या दुकानातून जात न्हाई. जायला लागलं की दुकान न्हाई."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते पाशाभाईंना बघूनच म्हटलं असेल. जुनी मशिनं घेणाऱ्या बीडच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी स्वतः फोन लावला. जुम्म्याची नमाज झाली की टेम्पो घेऊन ये, म्हणून सांगितलं. मग भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

समिनाला लेथ, धातू फिरवून कातायचं ते यंत्र, हवा होता. टर्नरचं शिक्षण तिनं त्याच्याचसाठी घेतलं होतं. पण आता तिला भीती वेगळीच वाटत होती. लकव्यानंतर अब्बा घरात बोलायचे ते फक्त लेथच्या आवाजावर: बेल्ट घसरतुय, टूल घास, तेल घाल. लेथ गेला की हा माणूस असून नसल्यासारखा होणार, हे तिला आणि तिच्या अम्मीला, हाफिजाला, न बोलता कळत होतं.

"काका," ती बंकटला म्हणाली, "जुम्म्यापर्यंत दम धरा. बुश मी देते."

"धरतो की. पर चरक कोरडा पडलाय, एवढं ध्यानात असू दे."

दोष कुठं होता ते तिला ठाऊक होतं. ड्रिलनं पाडलेलं भोक शेवटी रीमरनं साफ करतात. रीमर म्हणजे अंगभर धारा असलेली सळी; ती केसभर माल काढते आणि भोक नेमक्या मापावर आणते. ती धरायची लेथच्या मागच्या आधारात, टेलस्टॉकमध्ये. पण हा लेथ अब्बांच्या आधी दोघातिघांनी वापरलेला. टेलस्टॉक झिजून केसभर खाली बसला होता. रीमर भोकाच्या मध्याला जायच्या ऐवजी एका कडेला घासायचा आणि तोंड फाकवायचा. समिनानं टेलस्टॉकखाली पत्र्याची चकती घालून पाहिली. एका जागी बरोबर यायचं, जरा पुढं सरकवलं की पुन्हा चुकायचं, कारण टेलस्टॉक ज्यावर सरकतो तो बेडही सगळीकडं सारखा झिजलेला नव्हता.

मग याच लेथवर अब्बांचे बुश इतकी वर्षं बरोबर कसे यायचे?

अब्बा रीमर टेलस्टॉकमध्ये आवळायचेच नाहीत. रीमरला पान्हा लावून हातानं धरायचे आणि मागून टेलस्टॉकचा नुसता टेकू द्यायचे. समिनानंही तसं करून पाहिलं. रीमर अडकला, पान्हा फिरला आणि तिच्या मनगटावर असा बसला, की हाफिजानं मेन स्विचच खाली ओढला.

"हात तुटला असता, खुळे!" हाफिजा ओरडली. सुजलेल्या मनगटावर हळद लावता लावता तिचा आवाज उतरला. थोड्या वेळानं तिनं मोबाइल काढला. "हे बघ. अन् त्यांना दाखवू नको. चांगला हात बघून त्यांचा जीव तळमळंल."

तिनं कधीतरी लातूरच्या बहिणीला पाठवायला काढलेला तो व्हिडिओ होता. त्यात अब्बा रीमर धरून उभे होते आणि रुबाबात सांगत होते, "असं घट्ट धरायचं. हालू द्यायचं न्हाई." समिनानं तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि तिला हसूच फुटलं. कारण तोंड घट्ट धरायचं सांगत होतं आणि मनगट पाण्यातल्या मासळीसारखं डुलत होतं. पान्हा फिरू द्यायचा नाही एवढंच ते करत होतं. बाकी भोक नेईल तिकडं जात होतं.

"अम्मी, अब्बांचा हात ढिल्ला होता," ती म्हणाली. "बैलाचं जू सैल बांधत्यात ना, तसा. मी आवळून धरला, म्हणून मला बसला."

"त्यांच्यासमोर म्हणू नको. दुसरा झटका यायचा."

समिनाचा हात तसा व्हायला वर्षं लागली असती आणि जुम्मा तोंडावर आला होता. तेव्हा तिनं ठरवलं, की ते मनगटच लोखंडात करायचं. मोडक्या ड्रिलचा निमुळता दांडा तिनं कापून घेतला, म्हणजे टेलस्टॉकमध्ये तो चपखल बसणार. त्याला पुढं पंपाच्या जुन्या शाफ्टचा तुकडा जोडून आतून पोकळ केला. त्या पोकळीत रीमर धरणारी दुसरी नळी बसवली, पण मुद्दाम जराशी बारीक. मागचा रेटा घ्यायला बेअरिंगचा एक छर्रा ठेवला. नळी फिरू नये म्हणून आडवी पिन मारली, आणि पिनीचं भोकही मुद्दाम मोठं ठेवलं. सगळं जोडून तिनं रीमरला बोट लावलं. तो इकडं तिकडं डुलला, पण फिरला नाही.

पाशाभाई बाजेवरून बघत होते.

"हे काय केलंस?"

"रीमरचं होल्डर, अब्बा."

"हालतंय की!"

"हालाया पायजे."

"हालाया पायजे?" पाशाभाईंना हे ऐकणं म्हणजे मशिदीत चपला घालून येण्यासारखं होतं. "उमर गेली माझी आवळण्यात. अन् पोरगी ढिल्लं बनवायला शिकून आली!"

समिना वाद घालत बसली नाही. गनमेटलच्या तुकड्यावरच करून दाखवते, असं म्हणून ती शाफ्टचं माप पुन्हा बघायला बंकटकडं गेली. परत येऊन तिनं गनमेटल चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, बांधलं, भोक पाडलं, होल्डर टेलस्टॉकमध्ये ठोकलं आणि रीमर आत घातला.

बुश निघाला तो तोंडाशी फाकलेलाच. आधीच्यापेक्षाही जास्त.

सगळा हिशेब बरोबर होता, मग कुठं चुकलं? तिनं होल्डर उपसून काढलं आणि रीमर हलवून पाहिला. तो हललाच नाही. नळीच्या भोवती तेलाच्या डब्याची पत्र्याची पट्टी घट्ट ठासली होती. पट्टीची कड वेडीवाकडी होती. असं कापणारा या घरात एकच माणूस होता, आणि तोही डाव्या हातानं.

"अब्बा, हे तुमी घातलं?"

"मंग? ढिल्लं ऱ्हायलं व्हतं तुझं," पाशाभाई म्हणाले. लकव्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा खुलला होता. "गुडघ्यात पत्रा धरून कापला. लई टाइम लागला. बसली का न्हाई घट्ट?"

समिनाला इतका राग आला, की हातातलं होल्डर फेकून द्यावंसं वाटलं. आणि त्याच वेळी गुडघ्यात पत्रा धरून बसलेले अब्बा डोळ्यांपुढं येऊन रडूही आलं. गनमेटलचा आता एकच तुकडा उरला होता. टेम्पो यायला फारसा वेळ उरला नव्हता. आत जाऊन तिनं अम्मीचा मोबाइल उचलला.

"समिना, नको," हाफिजा म्हणाली.

"दाखवावंच लागंल, अम्मी. न्हाईतर हा तुकडाबी जाईल, अन् लेथबी."

तिनं मोबाइल अब्बांच्या पुढ्यात धरला. आपला उजवा हात दिसताच पाशाभाईंनी तोंड फिरवलं. समिना दुसऱ्या बाजूला गेली आणि पुन्हा त्यांच्यासमोर धरला.

"बोलताय काय ते ऐकू नका, अब्बा. मनगट बघा."

"असं घट्ट धरायचं," मोबाइलमधले पाशाभाई म्हणत होते.

बाजेवरचे पाशाभाई बघत राहिले. व्हिडिओ संपला. त्यांनी डाव्या बोटानं तो पुन्हा लावला. हाफिजा पदर तोंडाला लावून दारात उभी होती.

"माझा हात..." ते थांबले. "माझा हात ढिल्ला हाय की गं!"

"म्हणून तर बुश कधी ढिल्ला झाला न्हाई."

मग पाशाभाईंनी होल्डर मागितलं. पट्टीचं टोक दातात धरलं, डाव्या हातानं होल्डर ओढलं आणि ती पट्टी उपसून काढली. इतक्या मेहनतीनं कापलेली पट्टी त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकली आणि बाजेवरून उठायला लागले. समिना आधार द्यायला गेली तर तिच्यावरच खेकसले.

"चकमध्ये माल बांध. टेलस्टॉक मी फिरवतो. चाकाला एक हात लई झाला."

लेथ सुरू झाला. पाशाभाईंनी डाव्या हातानं टेलस्टॉकचं चाक हळूहळू फिरवलं. रीमर भोकाच्या तोंडाशी आला, क्षणभर डुलला, आणि मग मधोमध शिरला. किरकिर नाही, थरथर नाही. समिना तेल सोडत होती.

बंकटला बोलावून घेतलं. त्यानं शाफ्टचा तुकडा बुशात घातला. तळव्यानं ढकलला तसा तो सरकला. बोटानं हलवला तर हलला नाही. मान वर करून तो काही म्हणणार, तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

बीडचा व्यापारी आत आला, लेथभोवती फिरला, बेडवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "पाशाभाई, झिजलाय लई. पर तुमी फोनवर म्हणलात, हात गेला म्हणून इकायचा. म्हणून आलो."

"म्हणलो व्हतो," पाशाभाई म्हणाले. त्यांचा डावा हात अजून चाकावरच होता. "तवा गेलता."

"अन् आता?"

पाशाभाईंनी हनुवटीनं टेलस्टॉककडं दाखवलं. तिथं तेलानं माखलेलं होल्डर होतं, आणि त्यातला रीमर व्यापाऱ्याचा धक्का लागून अजून जरासा डुलत होता.

"हा काय. पोरीनं परत बसवला," ते म्हणाले, आणि बंकटकडं वळले. "तुझ्या चरकाचा दुसऱ्या बाजूचा बुशबी आण रे. तोबी बघून टाकू."