बाहेर नेण्यास मनाई

“सर, ह्या पुस्तकाला जरा पाय फुटू द्या. न्हाईतर एक दिवस ज्याला लागंल, नेमकं त्याच्याच हाताला लागायचं न्हाई.”

हे नबीचाचा म्हणाले होते. दर उन्हाळ्यात ते केजहून पुस्तकं शिवायला यायचे. तेव्हा मी त्यांच्या मांडीवर पालथी पडले होते आणि ते माझ्या उसवलेल्या पाठीला खळ लावत होते. आमचे ग्रंथपाल बद्रीनाथ सर हसले. “चाचा, पुस्तकाला पाय फुटले की ते परत येत न्हाई. तसली लई गेली हितून.” मीही मनात हसले. लोक स्वतःच्या पायांनी माझ्याकडे येत होते. मला पाय कशाला हवेत?

मित्रांनो, मी एका पाणीकोशाची जुनी प्रत आहे. ‘पाणी, माती आणि आरोग्य’ हे माझं पूर्ण नाव. पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. विहिरी खोदणारे इंजिनिअर, मातीचे अभ्यासक, लेकरांचे डॉक्टर अशा कितीतरी माणसांनी आपापल्या विषयाची पानं लिहिली आणि त्या सगळ्यांची मिळून मी झाले. जाड पुठ्ठा, हिरवं कापड, शेवटी बारीक अक्षरातली सूची. बीडपर्यंत एसटीच्या टपावर आले. पुढे चौसाळ्यावरून आत, आमच्या गावापर्यंत, सोसायटीच्या ट्रॅक्टरमध्ये खताच्या पोत्यांवर बसून आले.

सोसायटी तेव्हा जोरात होती. एकाच आवारात दुधाचं संकलन, खताचं दुकान, मोठी विहीर आणि वाचनालय. चेअरमन सुंदरराव अण्णा त्या वेळी तरुण होते. “नुसत्या दुधानं गाव शहाणं होत न्हाई,” असं म्हणून त्यांनीच आम्हा पुस्तकांची मागणी पाठवली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं ऐकून तुम्ही त्यांना राक्षस समजाल, म्हणून.

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या पोटावर लाल शिक्का मारला : ‘संदर्भ ग्रंथ. बाहेर नेण्यास मनाई.’ कथा-कादंबऱ्या घरोघर जायच्या, हळदीचे डाग घेऊन परत यायच्या. मी मात्र काचेच्या कपाटात. मला वाचायचं तर लांब टेबलाशी बसायचं, हात पुसायचे, तिथंच वाचून तिथंच ठेवायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आणि मान होताच. चहाच्या हॉटेलात वाद पेटला की मंडळी सरळ वाचनालयात घुसायची.

“सर, कोश काढा! ह्या म्हाळूचं तोंड एकदाचं बंद करा. म्हणतो, माझ्या बोअरनं ह्याची विहीर आटली.”

“आटलीच की बे! तू खाली नळी घातली अन् वरून मलाच इचारतो कावून आटली!”

सर सूची बघायचे, पान काढायचे, मोठ्याने वाचायचे. बोअरवाल्या रामहरीचा चेहरा पडायचा, म्हाळू टेबलावर थाप मारायचा आणि सर म्हणायचे, “टेबल सोसायटीचं हाय, हळू.” 

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ बसली ती जाहेदा. बी.ए.ला असताना तिला गावाच्या पाण्यावर प्रकल्प करायचा होता. सुट्टीभर ती रोज यायची. वाचता वाचता ओठ हलायचे, पेन्सिल कानावर असायची, पण माझ्यावर तिने कधी एक रेघ ओढली नाही. पुढे तिचं लग्न गावातच, मावशीच्या घरात झालं. नवरा हैदर, रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये मोटारसायकली दुरुस्त करणारा. सासू म्हणजे तिची खालाच, बीबीजान.

मग वाचनालयात कॉम्प्युटर आला. त्यात एक ऑनलाइन माहितीकोश होता. वर्षाची वर्गणी सोसायटीने भरली होती. तो चालवायला गहिनीनाथ नावाचा तरुण ठेवला. तो सरांना म्हणाला, “सर, एवढी लाखो पानं ह्या पेटीत हायेत. आता ही लाकडं कावून सांभाळता?” मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण सरांनी एकदा माझ्यातली काही पानं त्यात शोधून बघितली. ती सगळी तिथं होती आणि माझ्यापेक्षा ताजी होती. माझ्यातलं काही जुनं झालं होतं. तो माझा वैरी नव्हता. उलट वाटलं, आता आपण दोघं आहोत, बरंच झालं.

आमच्या कपाटाला मात्र कुलूप लागलं. किल्ली अण्णांच्या जुडग्यात गेली.

त्यानंतर पाऊस गेला. एका वर्षी अर्धा आला, दुसऱ्या वर्षी तोंडदेखला, तिसऱ्या वर्षी आलाच नाही. नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळू लागली. सोसायटीने आवारात चारा छावणी उघडली. पंचक्रोशीतली गुरं दावणीला आली. खिडकीतून मला फक्त शिंगं आणि शेपट्या दिसायच्या. ती छावणी नसती तर ती जनावरं जगली नसती, हेही खरं. पण महिनोन्महिने शेकडो गुरांचं शेण-मूत त्या विहिरीभोवती जिरत राहिलं. टँकर आला की त्याच विहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळं गाव तिथूनच शेंदायचं. तळाशी थोडकं पाणी, त्यात हे सगळं झिरपलेलं. वास नाही, रंग नाही. दिसायला नितळ.

वाचनालय पेंडीचं गोदाम झालं. माझ्या कपाटाला पोती टेकली. छावणीत गुरांच्या कानातल्या बिल्ल्यांची नोंद करावी लागे, म्हणून कॉम्प्युटर तिकडं गेला. माहितीकोशाची वर्गणी कधी संपली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी कुलपात आणि तो गुरं मोजण्यात.

त्याच उन्हाळ्यात जाहेदाला मुलगा झाला. महिन्याभरात तिला ताप भरला आणि तिचं दूध आटलं. दुधाच्या पावडरीचा डबा आला, बाटली आली. नर्सबाईंनी सांगितलं, पाणी उकळूनच द्या. योग्यच सांगितलं त्यांनी, सगळीकडे तसंच सांगतात. जाहेदा उकळायची. मनात धास्ती, म्हणून जरा जास्तच उकळायची.

एके सकाळी ती वाचनालयाच्या दारात उभी राहिली. मागे बीबीजान, तिच्या हातात दुपट्यातलं बाळ. पोत्यांच्या फटीतून मला त्याचा एवढासा चेहरा दिसला. ओठ पाटीच्या रंगाचे होते.

“सर, मला तो पाण्याचा कोश पाहिजे.”

“काय झालं गं?”

“ह्याचे ओठ बघा. नखं बघा. दोन दवाखाने झाले, सर्दी म्हणतात. मी कॉलेजात असताना त्यात वाचलं होतं. विहिरीचं पाणी अन् तान्हं लेकरू, असं कायतरी होतं. काय ते आठवंना.”

बीबीजान वैतागली. “सर, तुमीच समजावा हिला. लेकरू बापावर गेलंय. हैदर तर जन्माला आला तवा तव्यासारखा होता! शिकलेली सून केली, आता डोळ्याला डोळा लागू देईना.”

“खाला, हैदरचे ओठ असे होते का?”

बीबीजान दुपटं सारखं करत राहिली.

सरांनी कुलूप ओढून पाहिलं. “किल्ली अण्णांजवळ हाय. अण्णा बीडला मीटिंगला गेलेत. उद्या येतील.”

“काच फोडा, सर.”

“अगं, सोसायटीचं कपाट...”

“मग गहिनीनाथला सांगा, मशीनवर बघायला.”

गहिनीनाथ बाहेरच बिल्ल्यांची यादी करत होता. त्याने प्रामाणिकपणे बघितलं. “ताई, ते लॉगिन बंद पडलंय. मोबाईलवर बघा की.” तिथंच, दारात उभं राहून, तिने मोबाईलवर शोधलं. रेंज जात-येत होती. जे उघडलं त्यात लिहिलं होतं, बाळाला ऊब द्या, पाणी उकळून द्या.

ती गेली. सर बराच वेळ कपाटासमोर उभे होते. त्यांचा हात दोनदा काचेपर्यंत आला. मित्रांनो, त्यांना दोष द्यायला सोपं आहे. आयुष्यभर ज्या माणसाने एकही पुस्तक हरवू दिलं नाही, त्याचा हात काचेवर उठत नाही. मला ओरडता आलं असतं तर मी पान क्रमांकासकट ओरडले असते.

त्या दिवशी जाहेदाने पाणी आणखी आटवून उकळलं. हे तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. विचारल्याबरोबर किल्ली दिली, स्वतः दोन पोती ओढून बाजूला केली. “बघ पोरी, पाहिजे तेवढं बघ.” बाळ तिच्या खांद्यावर निजल्यासारखं होतं. रडत नव्हतं. तिने मला टेबलावर ठेवलं. एवढ्या वर्षांनी तिचा हात लागला. सूची, मग पान. तिचे ओठ हलू लागले :

‘शेणखत, मलमूत्र वा रासायनिक खत झिरपलेल्या विहिरीत नायट्रेट वाढते. अशा पाण्यात कालवलेले दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू वाहण्यास असमर्थ होते. ओठ व नखे निळसर पडतात. पाणी उकळल्याने हा दोष जात नाही. पाणी आटते आणि दोष वाढतो.’

शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ती ओळ तिने पुन्हा वाचली नाही. बाळाला उचललं आणि पळाली.

हैदरने कुणाची तरी जीप आणली. बीडच्या वाटेवर जाहेदा म्हणे सारखी एकच गोष्ट सांगत होती, डॉक्टरांना विहिरीचं सांगा, विहिरीचं सांगा. मोठ्या दवाखान्यात त्यावर औषध होतं. डॉक्टर धावले. पण फार उशीर झाला होता. जीप परत आली तेव्हा बीबीजानच्या मांडीवरचं दुपटं तोंडावरून ओढलेलं होतं.

मी टेबलावर तशीच उघडी होते.

सर माझ्यासमोर बसले. मग उठले, आणि दारातल्या फळ्यावर, जिथं रोज सुविचार लिहायचे, तिथं ठळक अक्षरात लिहिलं : ‘तान्ह्या बाळाच्या दुधात छावणीच्या विहिरीचं पाणी घालू नका. उकळूनही नाही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आत आले. डोळे सुजलेले होते. तेही मयतीला जाऊन आले होते.

“बद्रीनाथ, फळा पुसा.”

“अण्णा, विहीर बंद करा असं मी म्हणत न्हाई. फक्त लेकरांना ते पाणी नको. एवढंच.”

“एवढंच लिव्हलं की उद्या पेपरात येतं. परवा छावणी बंद. ही जनावरं मी कुठं नेऊ? तुमच्या पुस्तकात बांधू?”

“मग आईबापांना काय सांगायचं?”

अण्णांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने फळा पुसला. थोड्या वेळाने त्यावर गहिनीनाथच्या अक्षरात आलं : ‘पेंड वाटप सकाळी.’

जाहेदा गप्प बसली नाही. ती दारोदार जाऊन सांगू लागली. बाया तिला पाणी द्यायच्या, पदराने डोळे टिपायच्या आणि ती गेल्यावर म्हणायच्या, “दुःखानं डोकं फिरलंय गं.” पाणी उकळून खराब होतं, हे कुणाला पटणार? शेवटी तिचा भाऊ तिला आपल्याकडे केजला घेऊन गेला. सरांचं आणि अण्णांचं बोलणं तुटलं. सर बीडला लेकीकडे राहायला गेले. मला कुणीतरी मिटून कपाटात ठेवलं. कुलूप लागलं, पोती परत टेकली.

मित्रांनो, संदर्भाची पुस्तकं जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला तर जपलंच होतं. काच पुसलेली, पानं स्वच्छ, एकही फाटलेलं नाही. नुसतं जपून काय होतं? कपाटं उघडी ठेवा. माहितीकोशाची वर्गणी चालू आहे का, ते विचारत राहा. आणि पुस्तकातली एखादी ओळ कुणाच्या जिवाशी जोडलेली असेल, तर ती वाचून तिथंच ठेवू नका. घरी न्या, शेजारी न्या, मोठ्याने सांगा.

हे सगळं सावकाश करा. आज मात्र एक काम लगेच करा.

परवा खिडकीखाली विहिरीवर तुळजाबाई बोलत होत्या. त्यांची लेक विमल बाळंतपणाला माहेरी आली आहे. जुळं झालंय. एकाला अंगावरचं पुरतं, दुसऱ्याला डबा लावलाय. रहाट ओढता ओढता त्या कुणाला तरी अभिमानाने सांगत होत्या, “आमी बाई लई काळजी घेतो. दुप्पट उकळतो पाणी.”

छावणीच्या मागचं शेवटचं घर, दाराला निळा पत्रा आहे. तुमच्यापैकी कुणीतरी तिथं जा. दुसऱ्या गावचं, चांगल्या बोअरचं पाणी मिळालं तर बरोबर न्या. पाहुणचाराला थांबू नका, चहाला बसू नका. विमलला सांगा, दोन्ही लेकरं उजेडात आण. आणि बाटलीवरच्या बाळाचे ओठ आधी बघा.