चिंचेखालची घोंगडी

मित्रांनो, बसा, पण जरा बेतानं. मी टोचते. नवी होते तेव्हा टोचायची आणि आता म्हातारपणीही तो गुण मी सोडलेला नाही. काळ्या लोकरीची, दोन्ही काठांना पांढरी रेघ असलेली मी एक जुनी घोंगडी. माझ्यावर कुणी राजेमहाराजे बसलेले नाहीत. निपाणीहून सदलग्याला जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावातल्या बायका आणि पोरं मात्र दर बुधवारी आणि रविवारी, दुपारची भाकरी खाऊन, माझ्यावर येऊन बसत. राजे बसले असते तर मी एवढ्या तोऱ्यात बोलले नसते, हे आधीच सांगून टाकते.

भावकू धनगराच्या मेंढरांची मी लोकर. त्याच्या घरच्या बायकांनी ती पिंजून कातली, सणगरानं मागावर विणली आणि चिंचोक्याची खळ पाजून मला उन्हात ताणून वाळवलं. ही खळ अंगात मुरली की घोंगडी पाटासारखी ताठ होते. पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून जातं. भावकूनं मला स्वतःच्या खांद्यासाठी करून घेतलं होतं. पण माझ्या नशिबात रुक्माबाई होत्या.

रुक्माबाई वेशीबाहेरच्या वस्तीत वाढलेल्या. त्यांचे वडील ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी लेकीला बेळगावला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथं त्या शिकल्या, आणि शिकून शहरात न रमता परत आपल्या गावी आल्या. डोक्यावर पत्र्याची पेटी. पेटीत सहा पाट्या, अंकलिप्या, गीतांची वही आणि येशूच्या गोष्टींची रंगीत चित्रं. गाव त्यांना 'मिशनची बाई' म्हणायचं, काही जण प्रेमानं आणि काही जण नाक मुरडून. त्या दोघांनाही सारखाच नमस्कार करत.

एकदा त्या वाटेवर थांबून भावकूला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होत्या. शंभर मेंढरं होती, एक हरवलं, तर धनी नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघाला. भावकूनं तोंडातली तंबाखू थुंकली आणि विचारलं, "आणि बाकीच्यांच्या राखणीला कोण व्हतं?"

"तसं काही सांगितलेलं नाही," रुक्माबाई म्हणाल्या.

"सांगितलं नसंल, पण बसवला असंल की कुणीतरी. धनगर काय येडा असतोय व्हय? लांडगा काय वाट बघत बसतोय?"

रुक्माबाई पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "भावकूआप्पा, मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्या दिवसापासून ही गोष्ट सांगताना त्या न चुकता म्हणायच्या, धनी शहाणा होता, राखणीला माणूस ठेवूनच गेला असणार. भावकू इतका खूश झाला की त्यानं खांद्यावरून मला काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "घ्या. त्या चुकलेल्या मेंढराचीच लोकर हाय समजा."

अशी मी वर्गाची घोंगडी झाले. पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट.

गावाची वेस आणि खालची वस्ती यांच्या मधे, विहिरीच्या वाटेवर एक चिंच होती. तिच्याखाली मला अंथरत. आधी दिमडीवर एक भजन, मग अक्षरं, मग गोष्ट, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. रविवारी ज्याला बायबलातलं वचन पाठ येई त्याला एक रंगीत कार्ड मिळे, आणि त्या कार्डासाठी पोरं आठवडाभर शेळ्यांना वचनं ऐकवत हिंडत. अंग लुळं पडलेल्या माणसाला चौघांनी अंथरुणासकट उचलून येशूकडे नेलं, ती गोष्ट आली की अंथरूण मीच व्हायची. चौघे माझी चार टोकं धरत. आजारी माणूस व्हायला नेहमी वस्तीतला सगळ्यात जाडा पोरगा पुढं सरसावायचा. माझी वीण त्या दिवसांत सैल झाली ती झालीच.

रुक्माबाई शिकवताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. चुकणाऱ्याला त्या कधी चुकलास म्हणाल्या नाहीत. "आता माझ्याबरोबर म्हण," एवढंच म्हणायच्या. आणि कुणाला येत नसलं तर तेच अक्षर त्या दहाव्यांदाही पहिल्यांदा काढल्यासारखं काढत. इतका धीर मी मेंढरांमध्येही पाहिलेला नाही.

वर्गाला वस्तीतलीच माणसं येत. गावातली, वरच्या आळीची एकही बाई माझ्यावर बसत नव्हती. शिवाशिवीचा काळ तो. फक्त एक जण बसत नव्हती, पण येत होती. नागुबाई तिचं नाव. वरच्या आळीतल्या यशोदाबाईंची थोरली सून. कडेवर घागर घेऊन विहिरीला निघायची आणि चिंचेपाशी आली की नेमकी तिची डोक्यावरची फडक्याची चुंबळ सुटायची. ती बांधायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात आमची निम्मी बाराखडी होई. पायाच्या अंगठ्यानं ती मातीत अक्षरं काढायची आणि जाताना पुसून टाकायची. रुक्माबाईंना सगळं दिसत होतं. म्हणून त्या पाटीवर अक्षरं जरा मोठी काढू लागल्या.

नागुबाईचा नवरा परशराम पलटणीत होता, महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईवर. त्याचं पत्र आलं की गावातले एक लिहितेवाचते गृहस्थ ते पारावर बसून मोठ्यानं वाचत. सगळं गाव ऐके. नागुबाई भिंतीआड उभी राहायची. नवऱ्याचं पत्र आपल्या डोळ्यांनी, आपल्या मनाशी वाचावं, एवढीच तिची इच्छा होती.

अशाच एका पावसाळ्यात निपाणीहून नागोजी मास्तर आले. मिशनच्या वर्गांची तपासणी त्यांच्याकडे होती. माणूस भला, पण डोकी मोजायचा भारी नाद. त्यांनी सोबत एक नवीकोरी, निळ्या पट्ट्यांची सुती सतरंजी आणली होती.

"रुक्माबाई, ही वरच्या आळीच्या बायकांसाठी," ते म्हणाले. "थोडी लांब अंथरा. वेगळी बैठक दिसली की त्या येतील."

रुक्माबाईंनी सतरंजीवरून हात फिरवला. "मास्तर, दोन बैठका घातल्या, तर मी गोष्ट कुठल्या बैठकीवर बसून सांगू?"

मास्तर वरमले, पण हुकूम वरचा होता. नाताळपर्यंत गावातली बाई वर्गात दिसली नाही, तर चिंचेखालचा वर्ग बंद आणि रुक्माबाईंची बदली खानापूरला. रुक्माबाईंनी सतरंजीची घडी केली, कडुनिंबाचा पाला घालून पेटीच्या तळाशी ठेवली आणि मला झटकायला घेतलं. एरवी त्या मला दोनदा झटकत. त्या दिवशी झटकतच राहिल्या. वर्ग गेला तर ही पोरं पाट्या टाकून पुन्हा शेळ्यांमागे जाणार, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. आणि दुसरी बैठक घातली, तर वर्ग राहून उपयोग काय, हेही.

कार्तिकातला एक बुधवार. नागोजी मास्तर शेवटच्या तपासणीला येऊन चिंचेला टेकून बसलेले. नागुबाईची चुंबळ नेहमीप्रमाणे सुटलेली. आणि वेशीकडून काठी टेकत यशोदाबाई येताना दिसल्या. नागुबाईची घागर कडेवरून सुटता सुटता राहिली.

"रुक्मे," यशोदाबाईंनी लांबूनच विचारलं, "माझ्या सुनंला काय शिकवाय लागलीयास?"

"अक्षरं, आक्का. आणि येशूच्या गोष्टी. दोन्ही सांगते, लपवत नाही."

"गोष्ट ऐकली म्हंजी ती तुमच्यातली हुती व्हय?"

"ते तिचं मन आणि देव. मी फक्त सांगते."

यशोदाबाई काठी टेकत जवळ आल्या. मग त्यांनी कनवटीचं पत्र काढलं. "पोराचं पत्र हाय. पारावर वाचून झालंय. सगळं बरं हाय म्हणं. चार पानांत निस्तं बरं हाय? माझा जीव ऐकत न्हाय. नागू, तुला येतंय न्हवं? वाच."

नागुबाईनं पत्र घेतलं. कागद वाऱ्यानं उडत होता, काखेत घागर होती.

"उभ्यानं कसं वाचशील? बस," यशोदाबाई म्हणाल्या.

नागोजी मास्तर ताडकन उठले. संधी चालून आली होती. पेटी उघडून त्यांनी सतरंजी काढली, हातभर अंतर सोडून झोकात अंथरली आणि म्हणाले, "बसा, बसा. खास तुमच्यासाठी."

यशोदाबाईंनी काठीनं सतरंजीचं टोक उचललं. "हे कशाचं?"

"उत्तम सुताची आहे. नवी."

"सुताची?" त्यांनी काठी झटकली. "आणि ह्या पेटीत पडून व्हती? सगळ्यांचं हात लागल्यालं? सुताला इटाळ लागतोय मास्तर. शिकल्यालं माणूस तुमी, एवढं बी ठावं न्हाय?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "घोंगड्याला इटाळ न्हाय. आमचं आजं-पणजं सांगत आल्यात. सरका गं पोरींनो."

आणि मित्रांनो, त्या माझ्यावर बसल्या. वस्तीतल्या जयाबाईच्या आणि तिच्या शेंबड्या पोराच्या अगदी मधे. लोकर विटाळत नाही ही आमच्याकडची जुनी समजूत. सोवळ्यातल्या माणसालाही घोंगडी चालते. शंभर वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, पण तिचा असा उपयोग होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मास्तर तोंड उघडं टाकून उभे होते. रुक्माबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

नागुबाई वाचू लागली. एकेक अक्षर चाचपत, जोडाक्षराला अडखळत. अडखळली की रुक्माबाई म्हणत, "आता माझ्याबरोबर म्हण." तिसऱ्या पानावर ती थांबली. तिथं पारावर कुणीच न वाचलेली एक ओळ होती. लढाईच्या बातमीपुढं ती वाचणाऱ्याला बिनकामाची वाटली असावी. परशरामनं लिहिलं होतं, नागूला विचारा, तिनं परड्यात लावलेला शेवगा जगला का.

नागुबाईनं ती ओळ पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा, आता न अडखळता. यशोदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लिव की गं त्याला. जगलाय म्हणून." नंतर रुक्माबाईंकडे वळून, "बाई, हिला लिवाय बी शिकवा." सकाळपर्यंतची रुक्मी त्या दुपारी बाई झाली.

वर्ग राहिला. नागोजी मास्तरांनी वहीत गावातल्या दोन बायका लिहिल्या आणि कशामुळं आल्या ते लिहायचं टाळलं. पुढच्या वर्षी सात झाल्या. परशराम लढाईहून परतला तेव्हा शेवगा छपरापर्यंत गेला होता. यशोदाबाई शेवटपर्यंत आपल्या जोतिबाच्याच राहिल्या, पण त्यांचा एक बुधवार चुकला नाही. उडाणटप्पू मुलगा घरी परत आला, या गोष्टीवर त्या दर वेळी भांडायच्या: बापानं मेजवानी केली ते ठीक, पण घरी राबणाऱ्या थोरल्याला आधी सांगायला नको? रुक्माबाई म्हणायच्या, "आक्का, तुमच्यासारखी ऐकणारी मिळायला नशीब लागतं." आणि मनापासून म्हणायच्या.

अशी पंधरा वर्षं गेली. मला दोन ठिकाणी भोकं पडली, एका टोकाला कसर लागली. माझी ऐट मात्र वाढतच गेली. हा वर्ग माझ्यामुळं एकत्र बसतो, मी नसले तर सगळ्या उठून आपापल्या वाटेनं जातील, असं मला अगदी खात्रीनं वाटायचं.

मग एका चैत्रात रुक्माबाईंनी मला दूधगंगेवर नेऊन धुतलं. लोकर भिजली की दोन दिवस वाळत नाही. बुधवार उजाडला आणि मी अजून चिंचेजवळच्या कुंपणावर टपटपत पडलेली. बायका येऊ लागल्या. आता बघा गंमत, मी मनात म्हटलं.

नागुबाई आली. कुंपणाकडे तिनं एकदा पाहिलं, पेटी उघडली, तळाची ती निळ्या पट्ट्यांची सतरंजी काढली आणि अंथरली. जयाबाई बसली, तिच्या मांडीला मांडी लावून नागुबाई बसली, मग बाकीच्या. कुणी क्षणभरही थांबलं नाही. यशोदाबाईंची नजर तोवर गेली होती. नातीचा हात धरून त्या आल्या आणि आपल्या जागी टेकल्या.

रुक्माबाई पाटी हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, तेव्हाही फसवलं नाही. जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, घोंगडी वाळत घातलीय. ही सतरंजी आहे. सुताची."

यशोदाबाईंनी सतरंजीवरून तळवा फिरवला, सावकाश, या काठापासून त्या काठापर्यंत.

"डोळं गेल्यात बाई, हात न्हाय गेल्यात," त्या म्हणाल्या. "मला काय कळंना व्हय? सांगा फुडं."

मित्रांनो, त्या क्षणी आधी मला राग आला. एवढी वर्षं बोचत का होईना, मी सगळ्यांना धरून ठेवलं, आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. मग दिमडी वाजली, भजन सुरू झालं, आणि रुक्माबाईंचा आवाज पहिल्याच ओळीला कापला. ते ऐकून माझा राग गेला. त्यांनी एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हेच होतं. कुंपणावर पडल्या पडल्या मी ते सगळं भजन ऐकलं. इतकं सुरेल मी कधी ऐकलं नव्हतं. खाली दबून ऐकण्यात आणि वरून ऐकण्यात फरक असतो.

आज यशोदाबाई नाहीत. रुक्माबाईंचे केस पांढरे झाले आहेत. परवा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी चिंचेखाली सगळ्यांना गूळ वाटला. वर्ग आता नागुबाईची लेक घेते. कौलारू खोली झाली, बाकं आली, मी पेटीवर घडी होऊन असते. तुमच्यासारखी जास्तीची पोरं आली की मला जमिनीवर अंथरतात. जमलं तर मला अधूनमधून ऊन दाखवा आणि घडीत कडुनिंबाचा पाला घाला, म्हणजे आणखी चार वर्षं काढीन. नाही जमलं तरी तक्रार नाही.

पण ते दारात कोण उभं आहे बघा. मघापासून आत यावं की नाही, असं त्याचं चाललंय. चुंबळ बांधत असल्याचं सोंग करायला त्याच्याजवळ घागरही नाही.

सरका रे पोरांनो.