खाली मकरंद, वर नवी आवृत्ती

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ब्राउझरने नवी आवृत्ती घेतली आणि काळ्या कॉम्प्युटरच्या आत उतरलेल्या मकरंद देऊळकरची वर येण्याची वाट बंद झाली.

सांगलीत, सायकलच्या दुकानावरच्या माडीत तिघे काम करत: मकरंद, त्याची धाकटी बहीण गौतमी आणि शकील मुजावर. शाळांचे सूक्ष्मदर्शक ब्राउझरमध्ये दाखवणारे एक्स्टेन्शन ते बनवत. ब्राउझरला यंत्राच्या आत हात घालायची मुभा नसते. म्हणून एक्स्टेन्शनचा अर्धा भाग वर ब्राउझरात राहतो आणि उरलेला, प्लगइन, खाली यंत्रात बसवावा लागतो. त्यासाठी माणूस उतरतो. मकरंद रोज उतरे, चपला टेबलाखाली काढून.

कॉम्प्युटर तीन जातींचे, म्हणून टेबलावर तीन होते. काळ्यातून तो जसाच्या तसा परत येई. राखाडीतून आला की संध्याकाळपर्यंत डावखुरा राही. पांढऱ्यातून आला की त्याची सावली तासाभराने मागून येई. शकीलने हे वहीत नोंदवून पुढे 'चालेल' असे लिहिले होते.

एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती सोडण्याआधी टेबलाखालच्या चपला बघायच्या, हा माडीवरचा नियम. गौतमीला वाटले, दादा जेवायला गेला. तिने वाकून पाहिले नाही.

काळ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळ उमटली: अनोळखी प्लगइन, प्रवेश नाही. खालून टकटक झाली.

"दादा, ऐकू येतंय?"

"येतंय. काय केलंस वर?"

"नवी आवृत्ती सोडली."

"मी खाली असताना? निदान जेवू तरी द्यायचंस."

जुनी आवृत्ती परत घालता येत नव्हती. ब्राउझर फक्त पुढे जातो. आणि ज्या प्लगइनला पाच तास वरून उत्तर मिळत नाही, त्याला यंत्र आतल्या माणसासकट पुसून टाकते. म्हणजे सहा वाजून दहा मिनिटांपर्यंतची मुदत. गौतमीने हे भावाला सांगितले नाही. ते त्यानेच तिला शिकवले होते.

दोन चाळीसला टकटक राखाडी कॉम्प्युटरमधून आली.

"तू तिकडे कसा पोचलास?"

"चालत. मधे भिंतच नाही गं. तिन्हींची जमीन एकच आहे."

"पाच वर्षं आपण तीन प्लगइन लिहितोय," शकील म्हणाला.

"कशी आहे जमीन?" गौतमीने विचारले.

"कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ना, तशी. पेशीला पेशी लागून, नजर पोचेल तिथवर. प्रत्येक पेशीत एकेक शाळा उजळलेली. मुलं वरून बघतायत. त्यांचे डोळे चंद्राएवढे आहेत."

शकीलने कॉम्प्युटरसमोर उभे राहून हळूच चपला काढल्या.

पेशींतल्या सगळ्या शाळांच्या खिडक्यांवर तीच ओळ होती: प्रवेश नाही. पाचच्या सुमारास मकरंद म्हणाला, "एक खिडकी अंधारात आहे. देवरुखच्या बाजूला."

म्हणजे तिथे नवी आवृत्ती पोचली नव्हती. एक्स्टेन्शन वापरणाऱ्यांच्या यादीत देवरुखचे एकच नाव होते: सुलोचना नारकर, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. गौतमीने फोन लावला.

"बाई, आज कॉम्प्युटर सुरू केलात?"

"कुठला! सकाळपासून लाईट नाही. आत्ता आली."

"सुरू करण्याआधी नेटची वायर काढा."

"काढली. कुणी यायचंय का?"

"माझा भाऊ."

"जेवलाय?"

"नाही. बाई, तुमचा सीपीयू कुठल्या रंगाचा?"

"रंग कोण बघतंय? पहिल्यापासून क्रोशाचं कव्हर आहे त्यावर, धूळ बसते. आमच्या ह्यांनी जोडलेला, मिळतील तिथून भाग आणून."

ही चौथी जात होती. तिच्यात कुणी कधी उतरले नव्हते. शकीलने वहीचे कोरे पान उघडले.

"दादा, देवरुखला नीघ. पळ."

"खाली घाट लागतो का रे?" शकीलने विचारले.

"नाही, सगळं सपाट. चपला हव्या होत्या."

त्यानंतर त्याचा आवाज आला नाही.

सहाला दोन मिनिटे कमी असताना नारकरबाईंनी एक्स्टेन्शनचे बटण दाबले. पडद्यावर परवानगीचा प्रश्न आला. "हो म्हटलं," त्या म्हणाल्या. मग फोनमध्ये सीपीयूच्या पंख्याची घरघर वाढत गेली.

"बाई, कव्हर काढा."

"काढू काय? ते आपणच वर उचललं जातंय."

"कशानं?"

"आतून धरलंय कुणीतरी. जाळीतून बोटं बाहेर आलीत."

"किती?" शकीलने पेन उघडले.

बाई मोजू लागल्या. "एक. दोन. तीन. चार. पाच." त्या थांबल्या नाहीत. आवाजात भीती नव्हती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वर्गाला सांगावे तसा तो शांत होता, फक्त हळू झाला होता. "सहा. सात. किती सुंदर आहेत गं. आठ."

सहा वाजून नऊ मिनिटांनी त्या एकतीसपर्यंत आल्या होत्या.