चौथ्याचा फासा

कापडवाल्यानं तपकिरी रेक्झिनचा गुंडाळा फळीवर आपटला आणि माप घालता घालता हळूच विचारलं, "सूनबाई निघाल्या म्हणे तुमच्या? त्या मोठ्या सोफ्याच्या कारखान्यात? राहायला खोलीसुद्धा देतात म्हणे तिथं."

मालकीणबाईंना यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. पण भर दुकानात उभं राहून 'मला ठाऊक नाही' म्हणायचं, हे काही त्यांच्यानं होणारं नव्हतं. असं वाक्य त्यांच्या तोंडून नवऱ्यानंही मरेपर्यंत कधी ऐकलं नव्हतं, तर या कापडवाल्याचं काय लागून गेलं होतं?

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं, जा. तुम्ही माप नीट घाला. मागच्या खेपेला वीतभर कमी भरलं होतं."

"कमी? माझ्याकडून?"

"नाही, माझ्या आजोबांकडून."

गुंडाळा काखेत मारून त्या बाहेर पडल्या. चालताना त्यांनी स्वतःला चाचपून पाहिलं. एवढं ऐकल्यावर पोटात गोळा यायला हवा होता, निदान पाय तरी जड व्हायला हवे होते. तसलं काही नव्हतं. दात काढताना सुई टोचल्यावर गाल कसा आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही, तसं सगळं अंग वर्षभर झालं होतं. एवढं मात्र कळत होतं की घरात शिवणारे हात आता तिचेच आहेत आणि ती गेली की वरच्या दोन खोल्यांत आपण आणि बहिरे भाऊजी. ती तोंडानं बोलली तर नाही म्हणता येईल. पण ती बोलेपर्यंत तरी विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. वर्षभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

घर म्हणजे खाली कारखाना, वर राहणं. कारखाना म्हणायची फक्त पद्धत. एक लांबोळकी खोली, दोन शिवणयंत्रं, भिंतीला टेकवलेले सोफ्यांचे सांगाडे, आणि काथ्याची धूळ अशी की झाडून झाडून केरसुणी संपावी. लोक आपले बसके कोच घेऊन येत. जुनं कापड फाडायचं, दबलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, फोम घालायचा, नवं कापड चढवायचं. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, लाकडाचं आणि खिळ्यांचं बघत. सून शिवत असे. मुलगा कापड बेतत असे. बेतत होता.

लुडोसुद्धा या कारखान्यातच तयार झाला होता. खुर्चीच्या बैठकीला आणलेली प्लायवूडची एक फळी भाऊजींनी तिरकी कापली होती. वाया गेली म्हणून वहिनींच्या शिव्या बसायच्या आत त्यांनी तिच्यावर चौकोन आखले आणि रंग दिला. सोंगट्या म्हणजे कोचाच्या पाठीला लावतात ती कापड मढवलेली बटणं. लाल मालकीणबाईंची, पिवळी भाऊजींची, हिरवी सुनेची, निळ्या मखमलीची मुलाची. फासा एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याच्या सांदीत सापडला होता, फणी आणि वाळलेल्या लिंबाच्या सालीबरोबर. फणी परत केली. फासा राहिला.

तेव्हा खेळ सुट्टीच्या दिवशी, तोही मन झालं तर. वर्षापूर्वी अशाच एका संध्याकाळी चौघं बसली होती. मुलाच्या तीन सोंगट्या बाहेर होत्या. तो उठला, "आलोच" म्हणाला, चपला घातल्या आणि जिना उतरला. फासा फिरत फिरत त्याच्यापाशी आला. थोडा वेळ वाट पाहिली. मग भाऊजी म्हणाले, "तोवर त्याचा मी टाकतो," आणि टाकला तर सहा! "असता तर नाचला असता," असं सून म्हणाली आणि तिघंही हसली. डाव संपला, जेवणं झाली, त्याचं ताट झाकून ठेवलं.

काही दिवसांनी सुनेच्या फोनवर दोन ओळी आल्या. मी बरा आहे. शोधू नका. सुनेनं त्या मोठ्यानं वाचल्या. मालकीणबाईंनी फोन हातात घेऊन अक्षरावर बोट ठेवत स्वतःही वाचल्या. त्यांना वाचायला वेळ लागत असे आणि त्या वेळात कुणी मदत केलेली खपत नसे.

"बरा आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग येईल."

आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं फळी मांडली. चारी रंग लावले.

तेव्हापासून रोज. दुकानाचं दार ओढलं की फळी. तिघांचाही डाव होतो हे तिघांनाही माहीत होतं, पण तसं म्हणायला कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. त्यापेक्षा चौथ्याचा फासा टाकणं सोपं. आज भाऊजी, उद्या सून, परवा त्या, अशी पाळीच ठरून गेली. कुणी ठरवली नाही. उन्हाळ्यात घामानं फासा बोटांना चिकटायचा, थंडीत भाऊजी हातमोजे घालून खेळायचे आणि एका सोंगटीऐवजी दोन उचलायचे.

"भाऊजी, मोजे काढा. चोरी करायची तर उघड्या हातानं करा."

"काय?"

"चोर आहात म्हटलं!"

"हो, थंडी आहे खरी."

चौथ्यासाठी कोण कसं खेळतं हेही हळूहळू कळत गेलं. मालकीणबाई त्याच्या सोंगट्या सांभाळून नेत, मारायची संधी आली तरी मारत नसत, सुरक्षित घरात सरकवून ठेवत. भाऊजी विसरून जात की ही आपली नव्हे, आणि बेधडक स्वतःचीच पिवळी मारून मोकळे होत. सून मात्र जितके ठिपके पडतील तितकी घरं मोजायची, सोंगटी ठेवायची, हात मागे घ्यायची. ना माया, ना राग. कार्यालयात शिक्का मारणारा कारकून बसतो तशी.

एकदा निळा जिंकला. चारी सोंगट्या घरात, सगळ्यांच्या आधी. तिघं फळीकडे बघत बसली. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या आणि एकट्याच्याच टाळ्या ऐकून, म्हणजे बघून, थांबले.

शेजारच्या बायका म्हणत, आईच्या जिभेला कंटाळून गेला. मालकीणबाईंच्या कानावर येई. तेही आत कुठं पोचत नसे. जीभ होतीच तशी. ती काय आज फुटली होती? तीस वर्षं त्याच जिभेवर गिऱ्हाइकं टिकली होती. कुणी समोर विचारलं तर त्या म्हणत, "कामाला गेलाय, येईल," आणि विचारणाऱ्याच्या खुर्चीचा पाय कसा मोडला याची चौकशी सुरू करत. सून ते ऐकत यंत्रावर वाकलेली असे. तिचे आईवडील एकदा न्यायला आले होते. मालकीणबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "नवरा चार दिवस बाहेर गेला म्हणून घर सोडतात का?" चार दिवस म्हणाल्या तेव्हा आठ महिने झाले होते. सुनेनं वडिलांकडे पाहिलं, मग फळीकडे, आणि बोलली, "मी आहे इथं, बाबा." ते गेले.

तर आज सकाळी रेक्झिनचा गुंडाळा घेऊन मालकीणबाई जिन्यानं वर आल्या, काहीच घडलं नाही अशा थाटात हातपाय धुतले, आणि संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर फळी मांडली. खेळताना तोंड रिकामं ठेवायचं नाही, असा त्यांचा बेत होता.

"त्या दातांच्या डॉक्टराच्या खुर्च्यांना रेक्झिन आणलंय. तिथं माणसं भीतीनं घामेजतात, कापड टिकत नाही. टाका, भाऊजी. अहो, टाका! फासा आहे तो, अंडं नव्हे."

भाऊजींनी टाकला. दोन. सुनेनं टाकला. चार. मालकीणबाईंनी टाकला, एक, आणि फाशालाच शिवी दिली. मग फासा निळ्यापाशी आला. आज पाळी सुनेची.

सुनेनं हात उचलला नाही.

"टाक गं."

"नाही टाकत."

"का? हात दुखतोय?"

"तो खेळत नाहीये, आई."

खाली गल्लीत कुणीतरी शटर ओढत होतं. मालकीणबाईंनी फासा तिच्यापुढं आणखी सरकवला. सून खाली मान घालून बसली होती, पण कान लाल झाले होते तिचे.

"काय म्हणाली?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही."

"नाही, काहीतरी म्हणाली. फासा का थांबला?"

"म्हणते, तो खेळत नाहीये!" मालकीणबाई ओरडल्या.

"कोण?"

भाऊजींशी कुजबुजून बोलता येत नसे. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पलीकडच्या बिऱ्हाडालाही कळलं पाहिजे असं बोलायचं. मालकीणबाईंनी छातीत श्वास भरला.

"माझा मुलगा! गेला तो! घर सोडून गेला, वर्ष झालं! यायचा नाही!"

पलीकडच्या बिऱ्हाडात भांडी घासण्याचा आवाज थांबला. मालकीणबाई तशाच बसून राहिल्या, आता काहीतरी फुटेल, डोळ्यांना पाणी येईल, निदान घसा दाटेल, याची वाट पाहत. ओरडल्यामुळे थोडा खोकला आला. बाकी काही आलं नाही.

"ते मला माहीत होतं," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला दोघींना माहीत नाही. म्हणून टाकत होतो मी."

"मग निळ्या उचला," मालकीणबाई म्हणाल्या.

त्यांनी उचलल्या. फळी एका अंगानं मोकळी झाली. फासा पुन्हा भाऊजींकडे गेला, मग सुनेकडे. सुनेनं टाकून सोंगटी पुढं सरकवली आणि नजर वर न करता म्हणाली, "दुपारी धागा आणायला गेले होते. कापडवाले म्हणाले, तुम्ही हो म्हणालात. मी तर तुम्हाला विचारलंच नव्हतं."

कापडवाल्याच्या पोटात एक दिवस म्हणून काही राहत नाही, असं मालकीणबाईंच्या मनात आलं. तो म्हणाला ते खोटं, एवढं म्हटलं की झालं असतं. त्याच्या शब्दाला त्यांच्यासमोर किंमत नव्हती. सून थांबली असती. काल थांबली होती, तशी उद्याही यंत्रावर वाकून थांबली असती. मालकीणबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. सुईनं टोचून टोचून बोटांची टोकं काळवंडली होती. या पोरीनं वर्षभरात एकदाही स्वतःच्या सोंगट्यांसाठी भांडण केलं नव्हतं, हे त्यांना आत्ता आठवलं. पूर्वी एका घरासाठी नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालायची.

"विचारलं असतंस तर नाही म्हणाले असते," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच नाही विचारलं."

"मग आता हो झालंय ते घे. माझं हो काही रोज निघत नाही."

सुनेनं वर पाहिलं. तिला बहुधा आणखी काही ऐकायचं होतं, मऊसं काही. मालकीणबाईंकडे तसलं काही शिल्लक नव्हतं. शिल्लक होतं ते त्यांनी दिलं.

"कधी जायचंय?"

"सोमवारी बोलावलंय."

"दातांच्या डॉक्टराच्या खुर्च्या?"

"शनिवारपर्यंत करून देते."

"कडेला गोट दुहेरी शिव. रेक्झिन कोपऱ्याला फाटतं."

"माहीत आहे, आई."

"माहीत आहे तर इथं काय बसलीस? टाक फासा."

"माझा आत्ताच झाला. तुमचा आहे."

तिघांचा डाव लवकर संपला. भाऊजी जिंकले आणि त्यांच्या खिशात एक लाल सोंगटी सापडली.

खुर्च्या शनिवारी गेल्या. सोमवारी सकाळी तिघं कोपऱ्यावर बसची वाट पाहत उभी राहिली. सुनेकडे एकच बॅग होती. शेजारची एक बाई थांबली, "कुठं निघाली सून?" म्हणाली.

"नोकरीला," मालकीणबाई म्हणाल्या. "नवरा सोडून गेला, म्हणून बसून राहायचं का तिनं?"

बाईचं तोंड उघडंच राहिलं. सुनेनं सासूचा दंड घट्ट धरला. मालकीणबाईंना बोटं दिसत होती, पण दाब कुणा दुसऱ्याच्या दंडावर पडावा तसा.

"आई, राग आलाय का तुम्हाला माझा?"

त्यांनी खरोखर विचार केला. या पोरीशी खोटं बोलायचं आता कारण उरलं नव्हतं.

"शोधतेय," त्या म्हणाल्या. "कुठं दिसत नाही. रडूही दिसत नाही. सापडलं की कळवते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर तसं कळवते. फोन आहे ना तुझ्याकडे?"

बस आली. भाऊजींनी बॅग चढवली. मालकीणबाई पायरीशी जाऊन वाहकाला म्हणाल्या, "हिला पुढं बसवा. मागं बसली की ओकते."

"आई!" सून आतून ओरडली. सगळी बस हसली. तीही हसली, तोंडावर हात घेऊन, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. खालून मालकीणबाईंनी ते नीट पाहिलं. तिला येतंय, असं त्यांच्या मनात आलं. बरं झालं, घरात एकीला तरी येतंय.

बस वळली. भाऊजींनी विचारलं, "काय म्हणाली जाताना?"

"काही नाही म्हणाली. चला. त्या वकिलाचा कोच उसवायचा पडलाय, आणि आजपासून शिवायला मी आहे."